चित्रकाराचा डोळा : विल्यम कॅमेरॉन मेंझीसच्या कलेविषयी

चित्रपट पाहून घरी परत येताना मंडळींच्या तोंडी प्रथम नटनटींची नावे असतात, मागाहून गाण्यांची. आणि कोणी फारच चोखंदळ असला तर दिग्दर्शकाचे नाव निघते. परंतु ज्या वाड्यात नायिका रडली तो वाडा कोणी योजिला, तिच्या मुखावर पडलेला तांबूस उजेड प्रथम कोणाच्या मनात पडला, आणि ती खिडकी डाव्या अंगास न ठेवता उजव्या अंगास का ठेवली, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ते विचारले जाऊ नयेत यातच त्या कलेचे यश आहे, असे कोणी म्हणेल. आणि ते म्हणणे अगदीच खोटे नाही. तथापि जी कला स्वतःस लपविते तिची पारख करावयाची नाही, असा काही नियम नाही. उलट अशा कलेच्या बाबतीत टीकाकाराची जबाबदारी अधिकच वाढते.

गेल्या दिवाळीत आमच्या एका स्नेह्यांच्या घरी हा विषय निराळ्याच रीतीने निघाला. त्यांची कन्या मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. हात चांगला आहे, दोन-चार प्रकाशकांकडून काम येते. तिने आता चित्रपटाच्या कलाविभागात उमेदवारी करावयाचे मनात घेतले आहे. वडिलांचा विरोध होता, पण तो पैशाच्या काळजीने नव्हे. ते म्हणाले, “पुस्तकातले चित्र पन्नास वर्षांनी नातवंडे उघडून पाहतात, आणि त्याच्या कोपऱ्यात तुझी सही असते. सिनेमाचा देखावा चार दिवस उभा राहतो. पाचव्या दिवशी सुतार तो मोडतो व ते लाकूड दुसऱ्या देखाव्यास लावतो. तू सही कोठे करणार?” मुलगी काही बोलली नाही. आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो. कारण प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नास घाईचे उत्तर देऊ नये. पुढील विवेचन हे त्या प्रश्नाचे आम्हांस उशिरा सुचलेले उत्तर होय.

ते उत्तर शोधण्यासाठी आम्ही एका अमेरिकन चित्रकाराच्या आयुष्याकडे वळतो. विल्यम कॅमेरॉन मेंझीस याचा जन्म 1896 साली कनेक्टिकट संस्थानातील न्यू हेवन या गावी स्कॉटिश आईबापांच्या पोटी झाला. येल येथे व पुढे न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये त्याचे शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धात त्याने सैन्यात नोकरी केली. जाहिरातींची व मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढणे हा त्याचा आरंभीचा व्यवसाय. तेथून तो चित्रपटाच्या धंद्यात शिरला, आणि पोलंडमधून आलेल्या अँटन ग्रॉट या कुशल कलावंताच्या हाताखाली त्याने नवे काम उचलले. 1929 सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील चित्रपट-अकादमीने आपली पहिलीवहिली पारितोषिके वाटली, तेव्हा कलादिग्दर्शनाचे पारितोषिक ‘द डव्ह’ व ‘टेम्पेस्ट’ या दोन चित्रपटांकरिता मेंझीसलाच मिळाले. पुढे दहा वर्षांनी त्याच्या कामासाठी श्रेयनामावलीत एक नवीच पदवी योजावी लागली : प्रॉडक्शन डिझायनर. या शब्दास रुळलेला मराठी प्रतिशब्द नाही. आपण तूर्त ‘दृश्ययोजक’ म्हणू. 1957 साली तो वारला.

नुसती हकीकत सांगावयाची असती तर येथेच थांबता आले असते. परंतु या हकीकतीच्या पोटात कलेचा एक प्रश्न दडलेला आहे. पुस्तकातील चित्रकार आणि चित्रपटातील दृश्ययोजक यांच्या कामांत वरवर पाहता साम्य दिसते : दोघेही दुसऱ्याने लिहिलेल्या कथेस रूप देतात. पण बारकाईने पाहिले म्हणजे दोहोंत केवढे अंतर आहे ते कळून येते. पुस्तकातील चित्रकार कथेतील एकच क्षण निवडतो व तो कायमचा थांबवितो. राक्षसाने पाय उचलला आहे, मुलगा झाडाआड दडला आहे. पाय केव्हाही खाली येत नाही. वाचक ते पान हवा तितका वेळ पाहतो, त्याची नजर प्रथम राक्षसाकडे जावो की मुलाकडे, ती मोकळी असते. चित्रपटात असे नाही. तेथे पाय खाली यावयाचा असतो, मुलगा पळावयाचा असतो, आणि प्रेक्षकास पान उलटण्याची किंवा थांबविण्याची सोय नसते. कोठे उभे राहून पाहावयाचे हे त्याच्यासाठी दुसऱ्याच कोणी तरी आधी ठरविलेले असते. म्हणून आमचे म्हणणे असे की, पुस्तकातून चित्रपटात येणाऱ्या चित्रकाराने कागद टाकून लाकूड व प्लास्टर हाती घेतले एवढ्याने त्याचे स्थित्यंतर पुरे होत नाही. त्याने वस्तू काढण्याचे सोडून, ती वस्तू पाहणारा डोळा काढावयास शिकले पाहिजे. मेंझीसचे सारे आयुष्य हे शिक्षण चालू होते. त्याची यशे आणि अपयशे या एकाच कसोटीवर घासून पाहता येतात, आणि त्याची अपयशेही यशांइतकीच बोधप्रद आहेत.

1924 सालचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ हा डग्लस फेअरबँक्सचा मूकपट त्याच्या तारुण्याचे फळ. वयाची अठ्ठाविशीही पुरी झाली नव्हती, अशा मुलाच्या हाती एवढे अवाढव्य काम द्यावे की नाही याविषयी फेअरबँक्सला प्रथम शंका होती, आणि मेंझीसने चित्रांची चळत त्याच्यापुढे ठेवली तेव्हा ती दूर झाली, असे सांगतात. त्या चित्रपटातील बगदाद पाहिले म्हणजे एखाद्या सुंदर अरबी कथासंग्रहाची पानेच कोणी उभी करून ठेविली आहेत असे वाटते. उंचच उंच भिंती, निमुळते मनोरे, अधांतरी गेलेले जिने, आणि त्यांच्यापुढे मुंगीएवढी माणसे. यात एक युक्ती विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. उभारलेल्या इमारती डोळ्यांस फार जड, फार खऱ्या वाटू लागल्या. तेव्हा त्यांच्यापुढील जमिनीस काळे चकचकीत रोगण देण्यात आले. त्या काळ्या आरशात इमारतींचे प्रतिबिंब पडले आणि दगडी शहर स्वप्नासारखे तरंगू लागले. चित्रकाराच्या कुंचल्याने जे एका फटकाऱ्यात साधते, ते येथे एकरच्या एकर जमीन रंगवून साधावे लागले! युक्ती अलौकिक खरी, पण तिचे ध्येय अजून पुस्तकातलेच आहे : पान सुंदर दिसावे. फेअरबँक्स त्या पानांतून माकडासारखा उड्या मारीत जातो म्हणूनच चित्रपट हलतो. तो थांबला की चित्रपट थांबतो, आणि आपण चित्रे पाहत बसतो.

या चित्रपटाचा आपल्या देशाशीही संबंध आहे. 1927-28 साली सरकारने नेमलेल्या चित्रपट-चौकशी समितीपुढे देशभरातून साक्षी झाल्या. त्यांवरून समितीने असा निष्कर्ष नमूद केला की, हिंदुस्थानात दाखविलेल्या चित्रपटांत ‘द थीफ ऑफ बगदाद’ इतका लोकप्रिय दुसरा कोणताही झाला नव्हता. आमच्या आजोबांच्या पिढीस मेंझीस हे नाव ठाऊक नव्हते, पण त्याचे मनोरे ठाऊक होते. सहीवाचूनही हात कोठवर पोहोचतो याचे हे पहिले उदाहरण आम्ही आमच्या स्नेह्यांसाठी येथे नोंदवून ठेवतो.

आणि तो मूकपट येण्यापूर्वीच आपल्या कोल्हापुरात हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला जात होता, हेही विसरून चालणार नाही. बाबुराव पेंटर हे पुस्तकांचे चित्रकार नव्हते. आपले नातलग आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. रंगविलेला पडदा म्हणजेही एक थांबलेले पानच. त्याच्यापुढे नट उभा राहतो, त्याच्या आत शिरत नाही. 1920 सालच्या ‘सैरंध्री’पासून बाबुरावांनी रंगीत पडद्याऐवजी लांबी, रुंदी व खोली असलेले भक्कम देखावे उभारले, पोशाखांची व प्रसंगांची चित्रे आधी काढून मग चित्रण करण्याची शिस्त घातली, आणि 1925 सालच्या ‘सावकारी पाशा’त तर राजवाडे सोडून ते दरिद्री शेतकऱ्याच्या झोपडीत शिरले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या फत्तेलालांनी पुढे ‘प्रभात’च्या चित्रपटांस रूप दिले. कनेक्टिकटचा मुलगा आणि कोल्हापूरचा मेस्त्री यांनी एकमेकांकडून काही घेतले असे आम्ही म्हणत नाही. पण सपाट चित्रातून राहत्या जागेत शिरण्याची धडपड दोघांनाही करावी लागली, हे मात्र दिसते. त्यावरून ही अडचण एका माणसाची नसून त्या कलेचीच आहे असे ठरते.

आता मेंझीसच्या अपयशांकडे वळू. 1933 साली पॅरामाउंट कंपनीने ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ हा बोलपट काढला; त्याच्या पटकथेत मेंझीसचा वाटा होता, व ती पटकथा चित्रांच्या आधारे रचलेली होती. मुलांच्या पुस्तकांच्या चित्रकारास याहून मनासारखे काम कोणते मिळणार? टेनिएलने काढलेली त्या पुस्तकाची चित्रे इंग्रजी वाचकांच्या मनावर इतकी ठसलेली होती की, ती जशीच्या तशी पडद्यावर आणावयाची असे ठरले. त्यासाठी नटांच्या तोंडांवर मुखवटे चढविण्यात आले. कॅरी ग्रँट कासवाच्या सोंगात गडप झाला, गॅरी कूपर पांढऱ्या सरदाराच्या नकली नाकामिशांआड लपला, आणि डब्ल्यू. सी. फील्ड्स अंड्याच्या कवचात जाऊन बसला. परिणाम असा झाला की, टेनिएलची रेषाही गेली आणि नटाचा चेहराही गेला. रेषेने काढलेले कासव कागदावर रडते. रबराचे कासव पडद्यावर रडू लागले की त्याची कीव न येता आतल्या माणसाची कीव येते. चित्रपट पडला. चित्राची नक्कल म्हणजे चित्राचे रूपांतर नव्हे, हा धडा त्यापासून मिळतो. तो आजही पुष्कळांनी गिरविण्यासारखा आहे. कारण लोकप्रिय पुस्तकांतील चित्रे पडद्यावर तंतोतंत उतरविली, अशी फुशारकी आजही जाहिरातींतून ऐकू येते.

दुसरे अपयश अधिक थोर, म्हणून अधिक विचार करण्याजोगे. 1936 साली लंडनमध्ये अलेक्झांडर कोर्डाने एच. जी. वेल्सच्या कथेवरून ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट निर्माण केला, व त्याचे दिग्दर्शन मेंझीसकडे सोपविले. देखावे कोर्डाचा बंधू व्हिन्सेंट याचे होते. परंतु चौकट बांधणारी नजर मेंझीसची. 1940 सालच्या नाताळात युद्ध पेटते व शहरावर आकाशातून बाँब पडतात असे त्यात दाखविले आहे. प्रत्यक्ष युद्धाने त्याआधीच, 1939 साली, पेट घेतला. नगराचा विध्वंस, त्यानंतरचे रोगराईचे अंधारयुग, आणि शेवटी जमिनीखाली उभारलेले शुभ्र, निर्मळ, खिडक्यांवाचूनचे भविष्यनगर, ही सारी दृश्ये आजही पाहणाऱ्यास थक्क करितात. परंतु या दृश्यांतून माणसे बोलू लागली की आपण अवघडून जातो. ती माणसे बोलत नाहीत, व्याख्याने देतात. याचा दोष वेल्सच्या संवादांकडे जातो हे खरे. तथापि दिग्दर्शकही त्यातून सुटत नाही. त्याने माणसांना चौकटीत अशा नेमक्या जागी उभे केले आहे की, त्यांनी तेथून हलू नये असेच आपणांस वाटते. पुस्तकातला राक्षसाचा उचललेला पाय आठवावा. येथे तो पाय पुन्हा वरच राहिला. चित्रकार सर्वाधिकारी झाला की कथेतील माणसांची बाहुली होतात, एवढे या चित्रपटाने स्पष्ट केले.

मग त्याला हे साधले केव्हा? आमच्या मते जेव्हा तो सर्वाधिकारी नव्हता तेव्हा. डेव्हिड सेल्झनिक या निर्मात्याने ‘गॉन विथ द विंड’ ही प्रचंड कादंबरी पडद्यावर आणावयास घेतली, तेव्हा सारा चित्रपट चित्रणापूर्वीच कागदावर चित्ररूपाने तयार असावा अशी त्याची इच्छा होती. हे काम मेंझीसकडे आले. त्याने प्रसंगामागून प्रसंग रेखाटले, आणि त्या रेखाटनांत वाड्याचे खांब किती व जिन्याच्या पायऱ्या किती एवढेच नव्हते. कॅमेरा जमिनीपासून किती उंच असावा, माणूस चौकटीच्या कोणत्या कोपऱ्यात असावा, उजेड कोठून यावा आणि त्याचा रंग कोणता असावा, हे सर्व त्यांत होते. या चित्रपटाचे तीन दिग्दर्शक झाले : प्रथम जॉर्ज क्यूकर, मग व्हिक्टर फ्लेमिंग, आणि फ्लेमिंग थकला तेव्हा काही काळ सॅम वुड. तीन स्वयंपाक्यांच्या हातून गेलेले पक्वान्न एकाच चवीचे कसे राहिले, याचे उत्तर मेंझीसच्या या कागदांत आहे. एवढे असूनही नट त्याच्या ताब्यात नव्हते, संवाद त्याच्या ताब्यात नव्हते. आणि देखावे उभारण्याचे काम लाइल व्हीलर या कलादिग्दर्शकाकडे होते, ज्याला त्याबद्दल पारितोषिकही मिळाले. मेंझीसकडे राहिली ती केवळ पाहण्याची जागा. तीच त्याची खरी जागा होती.

दोन-तीन प्रसंग पाहावेत. अटलांटा शहर जळते तो प्रसंग 10 डिसेंबर 1938 च्या रात्री चित्रित झाला. त्या वेळी नायिकेची निवडही जाहीर झाली नव्हती, म्हणून घोडागाडीत बदली माणसे बसविली होती. जळत होते ते अटलांटा नव्हतेच. आवारात पडून राहिलेले जुने देखावे, ज्यांत ‘किंग काँग’मधील प्रचंड तटबंदीही होती, त्यांस आग लावून देण्यात आली. जुन्या चित्रांची होळी करून त्यांतून नवे चित्र काढावयाचे, यासारखे या धंद्याचे दुसरे प्रतीक सापडणार नाही. ज्वाळांपुढून काळ्या आकृतीची गाडी जाते. गाडीतील माणसांची तोंडे दिसत नाहीत, आणि ती दिसत नाहीत म्हणूनच भीती अधिक वाटते. मेलनी बाळंत होते त्या खोलीत झडपांच्या फटींतून येणारा नारिंगी उजेड व स्त्रियांच्या केवळ छायाकृती आहेत. वेदना दाखवावयाची नाही, उकाडा व घुसमट दाखवावयाची. आणि पूर्वार्धाच्या अखेरीस उद्ध्वस्त शेतात स्कार्लेट उभी राहते तेव्हा कॅमेरा तिच्यापासून दूर दूर जातो व लाल आकाशापुढे एक वठलेले झाड व एक लहानशी काळी बाई एवढेच उरते. मुलांच्या पुस्तकात काळ्या शाईने काढलेली छायाचित्रे असतात, त्यांच्याच जातीचे हे दृश्य आहे. पण पुस्तकातील छायाकृती पहिल्यापासून काळी असते. येथे जिची तोंडओळख आपणांस दोन तास झालेली आहे ती व्यक्ती आपल्या डोळ्यांदेखत आकृती बनते. थांबलेले चित्र कथेच्या चालीत नेमके कोठे बसवावयाचे, हे मेंझीसला आता कळले होते.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. या चित्रपटातील भव्य वाडे पुष्कळदा अपुरेच बांधलेले होते. वरची छते, दूरची झाडे, आकाश ही जॅक कॉसग्रोव्ह व त्याचे सहकारी रंगवून घेत आणि रंगविलेला भाग चित्रीकरणाच्या युक्तीने बांधलेल्या भागास जोडीत. म्हणजे चित्रपटात जाऊन चित्रकाराने कुंचला खाली ठेविला असे नाही. त्याने तो अशा जागी नेला, जेथे तो कोणास दिसू नये. या कामाबद्दल मेंझीसला 1940 साली जे विशेष मानपत्र मिळाले, त्यातही रंगांच्या योगे नाट्याची भाववृत्ती खुलविल्याचाच गौरव होता.

परंतु आम्ही येथेच टाळ्या वाजवून थांबलो तर आमच्याच कसोटीस बाधा येईल. पाहणारा डोळा कोठे ठेवावयाचा हे दृश्ययोजक ठरवितो, असे एकदा म्हटले की तो कोणाच्या बाजूने ठेविला हेही विचारणे प्राप्त होते. ‘गॉन विथ द विंड’मध्ये तो मालकाच्या ओसरीवर ठेविलेला आहे. त्या ओसरीवरून पाहिले असता संध्याकाळ सोनेरी दिसते, कापसाची शेते रमणीय दिसतात, आणि त्या शेतांत राबणारे गुलाम दूरच्या निसर्गाचा भाग होऊन जातात. त्यांच्या झोपडीच्या दारातून तेच आकाश कसे दिसले असते, याचे एकही रेखाटन पडद्यावर आले नाही. 1939 सालच्या डिसेंबरात अटलांटा येथे या चित्रपटाचा पहिला खेळ थाटाने झाला, तेव्हा त्यात दाईची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनिएलला तेथील वर्णभेदामुळे हजर राहता आले नाही. पुढे त्याच भूमिकेबद्दल तिला अकादमीचे पारितोषिक मिळाले, व ते मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली. चौकटीत कोण मावतो व कोण बाहेर राहतो, हा प्रश्न निव्वळ रेखाटनाचा नाही. कथा मेंझीसची नव्हती, दृष्टिकोनही मूळ कादंबरीचाच होता, हे मान्य. तथापि अन्यायाला इतके सुंदर आकाश देणारा हात अगदीच निर्दोष असतो, असे आम्हांस म्हणवत नाही. पुस्तकातील एखादे चित्र खोटे बोलले तर वाचक पान उलटून मजकुराकडे जाऊ शकतो. चित्रपटातील प्रेक्षकास ती सोय नाही. म्हणून दृश्ययोजकाची जबाबदारी पुस्तकाच्या चित्रकाराहून मोठी आहे.

आता शेवटच्या पर्वाकडे येऊ. 1953 साली मेंझीसने ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’ नावाचा एक लहानसा चित्रपट दिग्दर्शित केला व त्याची दृश्ययोजनाही केली. पैसा अगदी बेताचा होता. इतका की, मंगळवासीयांच्या अंगरख्यांची पाठीवरची झिप स्पष्ट दिसते व आजचे प्रेक्षक तिला हसतात. कथा अशी की, एक मुलगा रात्री खिडकीतून पाहतो तो घरामागच्या टेकडीपलीकडे एक तबकडी उतरते. वडील पाहावयास जातात आणि परत येतात ते बदलून, मायेचा ओलावा हरवून. मुलगा सर्वांना सांगत सुटतो, आणि मोठी माणसे ऐकत नाहीत.

या चित्रपटातील पोलिस ठाणे विसरता येत नाही. एक लांबच लांब, जवळजवळ रिकामी, पांढरी जागा. आणि तिच्या टोकास अंमलदाराचे एवढे उंच मेज की मुलाने मान वर करूनच बोलावे. खरे पोलिस ठाणे असे नसते, हे कोणीही सांगेल. पण घाबरलेल्या मुलास ते असेच दिसते. टेकडीवर कुंपणाची एक वाकडी रांग व निष्पर्ण झाडे आहेत. ती टेकडी म्हणजे मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाचे एक पानच आहे. बगदादच्या मनोऱ्यांपुढे या सर्वांची किंमत कवडीमोल. तरीही आम्हांस हे काम त्याहून वरच्या दर्जाचे वाटते. बगदाद हे पाहण्याजोगे शहर होते. हे ठाणे म्हणजे एका विशिष्ट मुलाचे पाहणे आहे. जन्मभर प्रचंड देखावे योजिल्यावर हा चित्रकार म्हातारपणी मुलांच्या पुस्तकाकडे परत आला. परंतु येताना तो चित्र घेऊन आला नाही, मुलाचा डोळा घेऊन आला. चित्रपट समग्र पाहता थोर नाही, उत्तरार्ध ढिला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्या प्रेक्षकांनी तो बालपणी पाहिला, त्यांच्या मनातून ती टेकडी जाणे कठीण आहे.

यावरून आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नास काय उत्तर द्यावे? सही कोठे करणार? प्रामाणिक उत्तर असे की, सही करता येणार नाही. देखावा मोडला जाईल, लाकूड दुसरीकडे लागेल, रेखाटने कपाटात पडून राहतील, आणि श्रेयनामावलीतील नाव प्रेक्षक उठून जात असता पडद्यावरून सरकेल. पुस्तकाच्या चित्रकाराचे सुख हे आपल्या हाताची रेषा अखंड टिकण्याचे सुख आहे, आणि ते लहान नव्हे. ते ज्यास सोडवत नाही त्याने पुस्तकातच राहावे. त्यात कमीपणा मुळीच नाही. पुस्तकाचे चित्र म्हणजे सिनेमाच्या दारातील पायरी, ही समजूत आम्हांस मान्य नाही. ‘अ‍ॅलिस’चा अनुभव पाहता टेनिएलची चित्रे पुस्तकातच अधिक सुरक्षित होती, हे उघड आहे.

परंतु जिच्या मनात वस्तूच्या आकारापेक्षा ती कोठून पाहावी हा प्रश्न अधिक वेळा येतो, जी चित्र काढताना ‘या खोलीत शिरणारा कोण, तो केवढा उंच, त्याला येथे भीती वाटते की घर वाटते’ असे स्वतःस विचारते, तिने खुशाल जावे. जाताना तिने मेंझीसपासून तीन गोष्टी घ्याव्यात. चित्राची नक्कल करू नये. माणसास चौकटीचा कैदी करू नये. आणि आपण ज्या ओसरीवर डोळा ठेवितो ती कोणाची आहे, हे विसरू नये. शेवटची गोष्ट त्यास स्वतःस सदैव साधली नाही, म्हणून ती अधिक काळजीने घ्यावी.

आणि वडिलांनी एवढे करावे. सुटीच्या दिवशी घरच्या मंडळींस जमवून ते पोलिस ठाण्याचे दृश्य एकदा मुलीबरोबर पाहावे, आणि मेज इतके उंच का आहे हे तिला विचारावे. तिने जे उत्तर दिले त्यावरून तिला जाऊ द्यावे की नाही, ते त्यांचे त्यांनाच कळेल.